काय कशाला जोडायचं

संध्याकाळी ती कामावरून आली, दिवा लावला, आणि टेबलासमोरच्या भिंतीला भोक दिसलं. बोट जाईल एवढं, गोल, नेटकं. खाली विटेचा भुसा सांडला होता, लालसर, पिठासारखा. थोडा चष्म्याच्या घरावर, थोडा उघड्या पेनाच्या टोकावर. भोकातून उजेडाची एक काडी तिरकी आत आली होती आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर टेकली होती. पलीकडे कांदा परतल्याचा वास होता, भांड्यावर चमचा आपटत होता, आणि भावजय कुणाला तरी सांगत होती, "ताई आल्या वाटतं." इतकं जवळून, की तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. भिंतीला. आपण भिंतीला हो म्हणालो हे कळल्यावर तिचं कपाळ तापलं. आयुष्यात जिथे जिथे हो म्हणायला नको होतं तिथे तिथे ते असंच निघून गेलं होतं, शिंकेसारखं, आणि मागून रुमाल शोधत बसायची पाळी तिच्यावर आली होती.

वडिलांनी ही दोन घरं शेजारी शेजारी घेतली तेव्हा म्हणाले होते, एक लेकाला, एक लेकीला, मधे एक भिंत. भांडलात तरी एकमेकांचं खोकणं ऐकू येईल. वडील गेले, खोकणं राहिलं. उजवीकडे भाऊ, भावजय आणि आई. डावीकडे ती एकटी, तिची पुस्तकं, आणि कुणी काही बोलत नाही अशा तीन खोल्या. तिच्या घराची एक किल्ली भावाकडे असते, अडीअडचणीला. आज अडचण कुणाची होती ते भिंतीकडे बघून कळत होतं. भिंत किती जाड आहे, आत वीट आहे की आणखी काही, हे बघायला मिस्त्री येऊन गेला होता. रविवारी सकाळी तो हातोडा घेऊन येणार होता. भिंत जाणार, दोन घरांचं एक होणार, आणि एका घराला पुढची दोन दारं कशाला हवीत, म्हणून तिचं दार विटांनी बुजवायचं. हे शेवटचं तिला मागच्या आठवड्यात जाता जाता कळलं. भावजय म्हणाली होती, "ते दार बंद झालं की तिकडे कपाट काय छान बसेल, ताई." ज्या दारातून ती इतकी वर्षं आत येते, चपला काढते आणि सगळ्या जगाकडे पाठ फिरवते, तिथे कपाट. त्यात चादरी राहतील. घडी घातलेल्या.

संतापायचं तरी कुणावर? हे सगळं तिच्याच प्रश्नांमधून उगवलं होतं. तिचा धंदा शब्दांचा. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि मराठीत त्याला घर शोधून द्यायचं. कोशाच्या कचेरीत कुठलंही क्रियापद टेबलावर आलं की त्याची उलटतपासणी करायची रीत होती: कोण करतं, कशाला करतं, कशाच्या मदतीने, आणि करून झाल्यावर मागे काय उरतं. अर्धं आयुष्य हेच केलं की ही सवय जेवणाच्या ताटापर्यंत येते. दोनेक महिन्यांपूर्वी भावाकडे जेवताना तो म्हणाला होता, "ताई, दोन्ही घरं जोडून टाकली तर?" तेव्हा कचेरीत तिच्या वाट्याला 'जॉइन' आलं होतं. दिवसभर तेच डोक्यात भुंगा होऊन फिरत होतं.

"काय कशाला जोडायचं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं घर माझ्याला, की माझं तुझ्याला? की दोन्ही तिसऱ्याच कशाला तरी?"

"दोन्ही एकमेकांना. ही मधली भिंत काढायची."

"आणि जोडल्यावर दोन उरतात की एक?"

"एक," भाऊ खूश होऊन म्हणाला. "एकच मोठं घर."

"मग त्याला जोडणं म्हणत नाहीत. मिसळणं म्हणतात. भाजी वाढ."

एवढंच. यात होकार कुठे होता? पण त्या घरात कुणी प्रश्न विचारला म्हणजे त्याने मनावर घेतलं असं धरतात. ज्याला नको असतं तो ताटावरून उठतो. जो बारीकसारीक विचारतो तो तयार असतो. दुसऱ्या दिवशी भाऊ फीत घेऊन मापं घेत होता आणि भावजय शेजारणीला सांगत होती, आमच्या ताईंनी किती रस घेतला म्हणून सांगू. ती जिन्यात उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटलं होतं, आता लगेच खुलासा करावा. पण खुलासा करायचा म्हणजे आधी क्रियापदापासून सुरुवात करायला हवी होती.

आणि ते क्रियापद तरी सरळ असावं की नाही. दिसायला गरीब गाय. शाळेतलं पोरही सांगेल, जॉइन म्हणजे जोडणे. मुख्य संपादकही तेच म्हणत. जे दिसेल ते कापायची सवय म्हणून कचेरीत त्यांना सगळे कात्रीसाहेब म्हणायचे. "बाई, जोडणे लिहा आणि पुढे चला, लोक वाट बघताहेत." पण माणूस नोकरी जॉइन करतो तेव्हा कशाला काय जोडतो? तिथे आपण रुजू होतो, आणि रुजू हा तर अरबीतून आलेला पाहुणा, त्याच्या पोटात परत फिरण्याचा अर्थ. रस्ते मिळतात. नद्या मिळतात. मनं जुळतात, फाटलेलं सांधतात, मिरवणुकीत सामील होतात. इंग्रजाने एका शब्दात भागवलं आणि मराठीने प्रत्येक भेटीला वेगळं नाव ठेवलं, जशी घरातली बाई प्रत्येक नातेवाइकाला वेगळी हाक मारते. ती मुळाशी गेली. जॉइन फ्रेंचातून आला, फ्रेंचात लॅटिनातून, आणि लॅटिनात त्याच्या सख्ख्या भावाचा अर्थ काय, तर जू. बैलांच्या मानेवरचं जू. आपलं जू आणि त्यांचं ते, दोघं एकाच आजीची नातवंडं. त्या आजीची थोरली लेक संस्कृतात युज् म्हणून बसली आहे. आपला जोडणे त्याच गोतातला आहे की नाही यावर जाणत्यांचं एकमत नाही, पण जू नक्की आहे. मग तिने गोत पाहायला घेतलं. एन्जॉइन: हुकूम लादणे. सबजुगेट: जुवाखाली आणणे, ताब्यात घेणे. कॉन्जुगल: एका जुवाला जुंपलेली, म्हणजे नवराबायको. अख्खं खानदान मानेवर लाकूड घेऊन उभं. आज दुपारी हे सगळं तिने साहेबांपुढे ठेवलं.

"बाई, लोकांना पत्र लिहायचं असतं," कात्रीसाहेब म्हणाले. "त्यांना बैल कशाला?"

"शब्द बैलापासून आलाय."

"आपण सगळेच कुठून तरी आलोय. त्याचा पाढा रोज वाचतो का?"

"साहेब, जोडताना मानेवर काहीतरी ठेवतात, एवढं तरी राहू द्या. एक ओळ."

"अर्धी," साहेब म्हणाले, आणि तीही कापली.

ती अर्धी ओळ डोक्यात घेऊन ती बसमधून आली होती, जिना चढली होती, आणि समोर हे भोक. तिने चष्म्याच्या घरावरचा भुसा फुंकला. तो तिच्याच डोळ्यांत गेला. डोळे चोळत ती भावाच्या दारात गेली. दार उघडंच होतं, त्यांचं नेहमीच उघडं असतं, त्याचाही तिला राग यायचा. भाऊ सोफ्यावर आडवा होता, पोटावर पेपर. आई आतल्या खोलीत पाय लांब करून पडलेली, गुडघ्यांना पट्टे.

"ये ये. बघितलंस?" भाऊ म्हणाला. "मिस्त्री म्हणतो लोण्यासारखी भिंत आहे. दोन तासांचं काम."

"मला विचारून तरी भोक पाडायचं."

"अगं, पाडायचीच आहे सगळी. पाडायच्या भिंतीत भोक पाडलं तर बिघडलं कुठे?"

"ताई, तुमचं टेबल झाकून ठेवा म्हटलं होतं मी मिस्त्रींना," भावजय आतून म्हणाली. "नाही का झाकलं? या माणसांना कितीदा सांगायचं. पण हॉल काय होईल हो, सायकल चालवता येईल."

"कोण चालवणार आहे सायकल?"

"म्हणायची पद्धत झाली, ताई."

"दाराचं काय?" ती म्हणाली. "माझं दार."

"आता 'माझं दार' काय, सगळंच तुझं." भाऊ उठून बसला. "हे बघ, आपल्यासाठी नाहीच हे. आईसाठी आहे. तिला तुझ्याकडे यायचं तर हे दार उघड, बाहेर ये, ते दार उघड, दोन उंबरे. पडलीबिडली म्हणजे? त्यापेक्षा सरळ एका घरात. भिंतीला धरून इकडून तिकडे. सांग, आईचे गुडघे मोठे की तुझं दार?"

आईच्या गुडघ्यांपुढे त्या घरात कुणाचंच काही चालत नसे. गुडघ्यांमुळे पंखे हळू फिरत, गुडघ्यांमुळे लग्नाच्या आमंत्रणांना नकार जात, गुडघ्यांच्या तब्येतीवर जेवणाच्या वेळा ठरत. ती "बघू" म्हणाली. हेही चुकलं. त्या घरात बघू म्हणजे हो.

आपल्या खोलीत येऊन ती अंधारात बसून राहिली. दिवा लावला की पलीकडून कुणी बघतंय असं वाटायचं. नाही लावला की पलीकडचा उजेड यायचा. सकाळी उठून कापसाचा बोळा करून तिने भोकात घातला तेव्हा कुठे जरा एकटं वाटलं. तिला ते डॉक्टर आठवले, आईला दाखवायला तीच घेऊन गेली होती. त्यांनी काळी फिल्म खिडकीच्या काचेला लावली. दोन पांढरी हाडं, एकमेकांवर टेकलेली. "इथे मधे काळी फट दिसायला हवी," ते पेनाने दाखवत म्हणाले, "ती उरलेली नाही. हाड हाडाला लागलं, म्हणून दुखतं." सांधा म्हणजे जिथे दोन हाडं चिकटली आहेत अशी जागा, असं ती जन्मभर समजत आली होती. तिने तिथेच विचारलं होतं, म्हणजे सांध्याचं सगळं काम त्या फटीत असतं का? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. घरी येताना आई म्हणाली होती, "तू असलं काहीतरी विचारतेस आणि मग ते माझ्या गोळ्या वाढवतात." आत्ता तिला तो पेन आठवला, आणि आपल्याला जे बोलायचं आहे ते सगळं त्या काळ्या फिल्मवर आहे असं वाटलं. पण हे भावाला जाऊन सांगायचं म्हणजे आईचे गुडघे आपल्या बाजूला ओढायचे. नको. शिवाय तो म्हणाला असता, ताई, तू थकली आहेस.

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. तिने केस धुतले आणि ओल्या केसांनीच दारं-खिडक्या मोजल्यासारख्या बघत घरभर फिरत राहिली. तेवढ्यात बेल वाजली. ही आईची बेल. आईकडेही किल्ली दिलेली आहे, दार उघडून सरळ आत ये म्हणून शंभरदा सांगून झालं आहे, तरी आई बेल वाजवते आणि उघडेपर्यंत बाहेर उभी राहते. दर वेळी कामातून उठावं लागतं, दर वेळी हिचं तोंड वाकडं होतं. दार उघडलं. आई उभी होती. इस्त्रीची साडी, केसांचा अंबाडा नीट, तोंडाला पावडर, हातात पर्स. पर्समध्ये रुमाल आणि चष्मा, बाकी काही नाही. शेजारच्या दारातून या दारात यायला.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे, आई."

"आहे की. घरात आहेस ना?"

"मी कुठे जाणार?"

"कामात नाहीस ना?"

"ये. बस."

आई आत आली, एका हाताने चौकट धरून, मग खुर्चीची पाठ, मग टेबलाची कड. भोकाकडे, कापसाच्या बोळ्याकडे बघितलं. पलंगावर बसावं, पाय वर घ्यावेत, ते नाही. पाहुण्यांच्या खुर्चीत ताठ बसली, पर्स मांडीवर. "कसं चाललंय?" म्हणाली. कालच तर भेटली होती. त्याचाही तिला वैताग आला. पण आज तो वैताग अर्ध्यावरच अडला. पावडर आईच्या मानेच्या सुरकुतीत जरा जास्त बसली होती. ही पावडर लावायला ती आरशापर्यंत गेली असणार, उभी राहिली असणार त्या गुडघ्यांवर.

"आता बेल वाजवायला नको तुला," ती जरा तिखटपणे म्हणाली. "उद्यापासून सरळ चालत येशील. तुझ्यासाठीच पाडताहेत भिंत."

आईने मांडीवरची पर्स सरळ केली.

"तुला हवं आहे ना?"

"मला कुणी विचारलंय?" आई म्हणाली. "सगळ्यांनी माझ्या गुडघ्यांना विचारलंय."

ती हसली, मग हसू थांबलं. तिनेही विचारलं नव्हतं. भाऊ, भावजय, मिस्त्री, भिंत, सगळ्यांची उलटतपासणी तिने मनातल्या मनात केली होती. ज्या बाईच्या नावाने हातोडा येणार होता तिला एक प्रश्न नाही.

"चालायला नको म्हणतात," आई म्हणाली. "चालायचंच नाही तर मी सकाळी उठू कशाला, सांग. तिकडे मी आई आहे, सासू आहे, औषधाची वेळ आहे. कोण मला 'या, बसा' म्हणतं? इथे यायचं म्हणून आठवड्यातून दोनदा साडी बदलते. बेल वाजवते, तू 'कोण आहे' म्हणतेस—"

"चिडून म्हणते."

"चिडून म्हण. पण विचारतेस." आईने पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं, परत ठेवला. मग तिच्या जुन्या लयीत, गाणं नाही आणि बोलणंही नाही अशा आवाजात, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली,

"लेकीच्या घराला गं, चार पावलांचा गाव,
पाहुणी म्हणून जाते, तिथे मला माझं नाव."

"हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? आत्ता झालं. कुठून आलं ते विचारू नकोस आता. तुझा तो धंदा कचेरीत ठेव."

तिला एकदम हलकं वाटलं. सुटले. आता नुसतं जाऊन सांगायचं, आईलाच नको आहे, संपलं. ती उठलीच. "मी आत्ता जाऊन सांगते त्याला."

"माझं नाव घेऊ नकोस."

"आई."

"मी त्याच्या घरात राहते. त्याने प्रेमाने काढलंय हे. मी नको म्हटलं तर त्याला वाटेल आईला आपलं प्रेम नको. तुझं दार आहे, तू सांग. तुला हवंय का नाही?"

"हवंय."

"मग तेवढंच सांग. फार समजावू नकोस. तू समजावायला लागलीस की लोकांना वाटतं तू कबूल झालीस."

आई बराच वेळ बसली. पाणी मागितलं, पंखा कमी कर म्हणाली, शेजारच्या कुणाचं तरी काय झालं ते विचारलं. मग घड्याळाकडे बघून, "निघते आता, घरी वाट बघत असतील," म्हणाली, आणि ती तिला दारापर्यंत सोडायला गेली. मधल्या जागेत आई एकदा थांबली, जिन्याच्या खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं, कुणाची तरी गाडी मागे घेताना भिंतीला लागत होती ते शेवटपर्यंत बघितलं, आणि समाधानाने आत गेली.

तिलाही आत जावं लागलं. भाऊ सोफा ढकलत होता, उद्याची जागा करायला, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं. त्याला असं बघून तिचा धीर खचला. लहानपणी तो असाच वाळूत बंधारे बांधायचा, सगळ्यांनी यावं म्हणून हाका मारायचा, आणि ती काठावर पुस्तक घेऊन बसायची. तिला सगळं सांगावंसं वाटलं: जू, लॅटिन, काळी फट, आजीची नातवंडं. सगळं जिभेच्या टोकावर रांग लावून उभं होतं. तिने ते गिळलं.

"अरे, भिंत पाडायची नाही. मला माझं दार हवंय."

तो सोफ्याला धरूनच उभा राहिला. "का?"

"हवंय."

"ते ठीक आहे, पण का? काही कारण असेल ना. आम्ही काही बोललो का? हिने काही म्हटलं का?"

"नाही रे."

"मग दोन महिने गप्प का होतीस? उलट तूच एवढं विचारत होतीस."

"चुकलं. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. आता म्हणते."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हात पुसत. भावाने सोफ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "म्हणजे आम्ही परके," तो हळूच म्हणाला. "वडील असते तर..." आणि पुढे त्याला वाक्य सापडलं नाही. इतर वेळी तिने त्याला ते शोधून दिलं असतं. सगळ्यांना शब्द काढून द्यायचे हेच तर तिचं काम. ती उभी राहिली. आतल्या खोलीत आई खोकली, उगीचच. "मिस्त्रींना मी फोन करते," शेवटी भावजय म्हणाली, जरा घुश्शातच, "नाहीतर उद्या हातोडा घेऊन दारात उभे राहतील." भाऊ सोफा परत जागेवर ढकलायला लागला. ती मदतीला वाकली तर म्हणाला, "राहू दे." एकट्यानेच ढकलला.

रविवार मोकळा उजाडला. हातोडा आला नाही. तरी तिला बरं वाटेना. चहा दोनदा केला, दोन्ही वेळा निवला. राग आला तो आता स्वतःचाच: दार मिळालं आणि भाऊ दुरावला, हा कसला व्यवहार, आणि मग भावाचा: एवढं लागायचं काय त्यात, आणि मग पुन्हा स्वतःचा. पलीकडे खुर्च्या सरकत होत्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुपार कलायला लागली तेव्हा दारावर थाप पडली. एकच, अर्धवट, जणू मारणाऱ्याला ती मारावी की नाही ते ठरवता आलं नव्हतं. एरवी तो किल्ली लावून सरळ आत येतो, फ्रीज उघडतो, दिवा कशाला जाळतेस म्हणतो. तिने दार उघडलं. भाऊ बाहेर उभा होता, धुतलेला शर्ट घालून, बाहीची घडी अजून मोडलेली नाही. तिची किल्ली त्याच्या हातात होती, पण तशीच, मुठीत. त्याला ती द्यायची होती की दाखवायची होती ते त्यालाही माहीत नसावं.

"ये," ती म्हणाली. "बस."

"बसायला आलो नाहीये," तो म्हणाला, उंबरा ओलांडला, चपला काढल्या, आणि कुठल्या खुर्चीत बसायचं ते न कळून क्षणभर तसाच उभा राहिला, मग बसला.